दोनात तीन मिळव : एका छोट्या संगणकभाषेची गोष्ट

(शराफिया, जेद्दा येथील शुक्रवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या बैठकीत शिक्षण, स्थलांतर, अंधश्रद्धा असे वजनदार विषय होतात. त्या मानाने माझा विषय छंदातला आहे. गेले काही महिने फावल्या वेळात मी एक छोटी संगणकभाषा आणि तिचा इंटरप्रिटर लिहितो आहे. मी संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, आणि पोटापाण्याचे काम समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या मेम्ब्रेनवरचे. पण शेवटी हा छंद आपल्या नेहमीच्या एका विषयापाशी जाऊन पोचतो, म्हणून थोडा धीर धरा.

इंटरप्रिटर म्हणजे दुभाष्या. लिहिलेला एकेक शब्द वाचायचा आणि तिथल्या तिथे यंत्राकडून करून घ्यायचा. माझी भाषा 'स्टॅक'वर चालते. स्टॅकला मराठीत आयता शब्द आहे : चळत. नाण्यांची चळत, ताटांची चळत. खालच्या मलबारी हॉटेलात आत्ता पोरोट्टे एकावर एक रचले जात असतील. शेवटी ठेवलेला आधी उचलायचा. यंत्राचा नियमही तेवढाच. आकडा दिसला की चळतीवर ठेव. क्रिया दिसली की वरचे हवे तेवढे आकडे उचल, क्रिया कर, उत्तर पुन्हा चळतीवर ठेव.

१० ३ वजा दाखव

दहा ठेवले, त्यावर तीन. 'वजा'ने दोन्ही उचलून सात ठेवले, 'दाखव'ने ते पडद्यावर आणले. कंस नाहीत, 'आधी गुणाकार, मग बेरीज' हा शाळेतला नियम नाही.

कल्पना माझी नाही, हे उघड आहे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० च्या दशकात चिन्ह आधी लिहून कंस हद्दपार केले. तेच उलटे करून चिन्ह शेवटी नेले की आपली पद्धत. १९७२ चा एचपी-३५ कॅल्क्युलेटर असाच चाले. त्यावर 'बरोबर'चे बटणच नव्हते. आणि या पद्धतीवर उभी राहिलेली खरी भाषा म्हणजे चार्ल्स मूर यांची 'फोर्थ'. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोनातल्या किट पीकची रेडिओ दुर्बीण तिने चालवली. तिला वाढवण्यात एलिझाबेथ रॅदर या बाईंचा वाटा मोठा. फोर्थ वापरणारी दुसरी व्यक्ती त्याच, आणि १९७३ मध्ये मूर यांच्याबरोबर कंपनी काढणाऱ्याही त्याच. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या 'फिले' यानातले प्रोसेसर फोर्थसाठी बनवलेल्या जातीचे होते. आणि आपल्या अगदी अंगणातले उदाहरण हवे असेल तर रियाधचे किंग खालिद विमानतळ. ते १९८३ मध्ये सुरू झाले, आणि तिथल्या इमारतींवर देखरेख करणारी शेकडो संगणकांची यंत्रणा फोर्थमध्ये लिहिलेली होती. सुट्टीला जाता-येता आपल्यातल्या किती जणांनी तिथे तासन् तास काढले असतील!

आता माझ्या भाषेतली एक ओळ पाहा. समोरच्या रस्त्यावर पैसे पाठवण्याची दुकाने आहेत, तिथलाच हिशेब. १९८६ पासून डॉलरचा भाव ३.७५ रियाल, म्हणजे चार डॉलरला पंधरा रियाल.

डॉलर म्हणजे ४ गुण १५ भाग बस

आता '१५०० डॉलर दाखव' असे लिहिले की ४०० येते. 'डॉलर' हा नवा शब्द यंत्राच्या शब्दकोशात गेला, आणि तो 'गुण', 'भाग' यांच्याच पंगतीला बसला. भाषा बनवणारा मी आणि ती वापरणारी माझी नववीतली मुलगी यांच्यात फरक उरत नाही. तीही भाषा वाढवू शकते. मला या प्रकारातली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. अनोळखी शब्द दिसला तर दुभाष्या लगेच कुरकुर करत नाही. पुढचा शब्द 'म्हणजे' आहे का ते पाहतो, असेल तर 'बस' येईपर्यंत सगळे टिपून घेतो. शब्दकोश, चळत आणि शब्द एकामागून एक वाचणारे चक्र एवढाच पसारा. पायथनमध्ये दीडेकशे ओळी, सगळ्या डोक्यात मावतात.

देवनागरीचा अनुभव मात्र ऐकण्यासारखा आहे. पायथनला '१५००' हा देवनागरी आकडा दिला तर तो बिनतक्रार कळतो. पण मजकुरातून 'शब्द' वेगळे काढण्याचे त्याचे नेहमीचे साधन मात्रांना अक्षर मानत नाही. त्याला 'बेरीज' द्या, तो ब, र, ज असे तीन तुकडे परत देतो. चळतीच्या भाषेत शब्द फक्त मोकळ्या जागेवर तोडायचे असल्यामुळे ते साधन लागतच नाही. मग एके दिवशी मुलीने फोनवरून 'दुसऱ्याची-प्रत' हा शब्द पाठवला. (चळतीतल्या वरून दुसऱ्या आकड्याची प्रत काढून सगळ्यात वर ठेवणे, एवढे त्याचे काम.) यंत्र म्हणाले, असा शब्द नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. पण आपला अर्धा 'ऱ्य' दोन प्रकारे साठवता येतो : एकदा त्या खास 'ऱ' अक्षरापासून, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. म्हणून शब्दकोशाच्या दारातच एकाचे दुसरे करून घ्यावे लागते. ही मराठीची खोड. हिंदीवाल्यांना सहसा तिच्याशी गाठ पडत नाही.

एक मित्र विचारतात, हे सगळे एआय मिनिटभरात लिहून देत नाही का? देते. मी लिहवून पाहिले, चालतेही. पण मला प्रोग्रॅम नको होता, तो कसा चालतो ते हवे होते.

आता नेहमीच्या विषयाकडे येतो. हा खेळ मी एका घरगुती कार्यक्रमात दाखवला, तेव्हा एक गृहस्थ खूष होऊन म्हणाले, "बघा, 'दोनात तीन मिळव', 'दहातून तीन वजा कर'. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, यंत्राच्याही शेवटी! नासाने म्हटलेच आहे, संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा." तो निरोप आपल्या सगळ्यांच्या फोनवर येऊन गेलेला आहे. त्याच्या मुळाशी आहे रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा लेख. ते नासाच्या एका केंद्राशी जोडलेल्या संस्थेत होते. वाक्याचा अर्थ सुटा करून मांडण्याची शास्त्री पंडितांची रीत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतली ज्ञान मांडण्याची एक रीत यांतले साम्य त्यांनी दाखवले. प्रोग्रॅमिंगचा त्यात संबंध नव्हता, आणि नासाचा निवाडाही नव्हता.

मराठीचे म्हणाल तर क्रियापद जपानीतही शेवटी येते, आणि जपान्यांनी १९८० च्या दशकातच 'माइंड' नावाची फोर्थच्या वळणाची जपानी भाषा केली. तुर्कीत शेवटी, खाली हॉटेलात कानावर पडणाऱ्या मल्याळममध्येही शेवटी. उलट अभिजात अरबीत क्रियापद बहुधा आधी. रॅम्झी नासिर यांची 'कल्ब' ही अरबी संगणकभाषा क्रिया आधी लिहिणाऱ्या 'लिस्प'च्या घराण्यातली, हा मला फार गोड योगायोग वाटतो. त्यांनी ती केली ते अरबी थोर म्हणून नव्हे, तर संगणकाचे जग इंग्रजी किती गृहीत धरते ते दाखवायला.

आणि मुख्य मुद्दा असा की मराठी चळतीवर चालतच नाही. 'तीन दहातून वजा कर' म्हटले तरी आपल्याला सातच कळते, कारण '-तून' हा प्रत्यय कोणातून काय काढायचे ते सांगतो. यंत्राला '३ १० वजा' सांगा, ते उणे सात काढील. आपली विभक्ती फेकून दिल्यावरच मराठी त्या साच्यात बसते. संस्कृतात तर शब्दांचा क्रम आणखी मोकळा. पाणिनीचे मोठेपण वेगळ्या जागी आहे, त्याच्या नियम लिहिण्याच्या शिस्तीत. संगणकभाषांच्या व्याकरणलेखनाला पाणिनीचेही नाव जोडावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवले होते. ते खरे असल्यामुळे बहुधा कोणी फॉरवर्ड करत नाही.

त्या गृहस्थांना मी लॅपटॉप दिला आणि '३ १० वजा दाखव' लिहायला सांगितले. उणे सात पाहून ते थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारले, "'-तून' समजेल असे करता येईल का?"

प्रश्न उत्तम आहे. प्रत्यय ओळखायचे, म्हणजे 'दहा'चा 'दहातून' आणि 'पाच'चा 'पाचातून' होतो ते सामान्यरूप आधी सोडवायला हवे. ते काम अजून झालेले नाही. 'जर'-'नाहीतर'ही अर्धवट आहे. पुढच्या शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन येतो. ज्यांची मुले शाळेत पायथन शिकत आहेत त्यांनी त्यांनाही आणावे. सामान्यरूपाचे नियम आपण सांगू, ओळी ती लिहितील.