ओढ्याचा गाळ आणि आपला पाडा
(ग्रामसभेच्या तयारी बैठकीतलं भाषण)



यंदा ओढ्यानं आपली खालची खाचरं दगडगोट्यांनी भरून टाकली. भात गेला तो गेलाच, पण आता खाचरं मोकळी कशी करायची? योजनेतला सिमेंटचा बंधारा पहिल्याच मोठ्या पावसात काठोकाठ गाळानं भरला. पाणी बाजूनं फुटलं, काठ खाऊन गेलं. ठेकेदाराचं बिल मात्र निघालं.

दिवाळीनंतर आम्ही काही जण ओढ्यानं वर चालत गेलो. गाळ येतो तो वरच्या घळींतून. म्हणून अडवायचा तो तिथंच, अनघड दगडांचे लहान बांध घालून. सुरुवात माथ्यापासून करायची. बांध कमरेच्या वर नको. मधे खोलगट ठेवायचा, म्हणजे पाणी मधूनच जातं. दोन्ही टोकं काठात रुतवायची. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायाच्या पातळीला आला की अंतर बरोबर. फटींतून पाणी जातं, गाळ राहतो, सिमेंट लागत नाही. दगड घळीतलेच घ्या. उतारावरचा दगड माती धरून बसलेला असतो, तो उपटू नका.

सगळाच गाळ अडवायचा असंही नाही. ओढ्याला थोडी वाळू मिळाली नाही तर पाणी तळ आणि काठ खरवडतं. म्हणून ट्रॅक्टरनं वाळू उपसू द्यायची नाही. ट्रॅक्टर आपल्या पाहुण्याचा असला तरी नाही!

उभ्या चढावर, जाड मातीत, मशीननं चर खोदायला कुणी आलं तर थांबवा. चरात साचलेलं पाणी मुरून उतार जड होतो, सुटायला बघतो.

३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दोन्हीकडं आपलीच आदिवासी माणसं. डोंगरच सुटला तर आपले बांध काय करणार? तेव्हा पळणं एवढंच हातात. भर पावसात ओढ्याचं पाणी एकाएकी कमी झालं तर खूश होऊ नका, वर कुठं तरी तुंबलंय. जमिनीला भेगा, झाडं कललेली, डोंगरात घरघर, यातलं काहीही दिसलं-ऐकलं की म्हातारी-पोरं घेऊन निघायचं. ओढ्याच्या कडेनं खाली नाही, बाजूला उंचावर. ओढ्याच्या तोंडाशी तीन घरं आहेत, त्यांनी जून ते सप्टेंबर रात्री शाळेत झोपावं असं आमचं म्हणणं आहे. त्यांना राग येईल, येऊ दे.

फॉरेस्टवाले विचारतील, परवानगी कुणाची? वनहक्क कायदा २००६, कलम ५. पाणलोट आणि पाण्याच्या जागा जपायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ठरावाची नक्कल खिशात ठेवा, तोंडी वाद घालू नका. मजुरी रोजगार हमीतून मागायची, अर्ज लेखी द्यायचा, पोच घ्यायची.

ग्रामसभेत ठराव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या घळीपाशी जमू. पहार, घमेलं आणि भाकरी ज्याची त्यानं आणायची.