भयपटांत आधीं कोण मरतें?

भीति सर्वांना सारखीच वाटते, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु भयपटांची रचना न्याहाळली, तर तेथें मरणाची वांटणी मुळींच सारखी नसते, असें दिसून येतें. पडद्यावर मारेकरी सुरा घेऊन अवतरला, कीं कोणीं आधीं मरावें, कोणीं झुंजावें आणि कोणीं वांचावें, याचे जणूं ठरीव संकेत असतात. अमेरिकेंत १९७८ सालच्या 'हॅलोवीन' या चित्रपटानंतर अशा 'स्लॅशर' चित्रपटांची लाटच उसळली. त्यांत बहुधा एकच तरुणी अखेरपर्यंत जिवंत राही. कॅरोल क्लोव्हर या विदुषीनें तिला 'फायनल गर्ल', म्हणजे अखेरची मुलगी, असें नांव दिलें. कृष्णवर्णीय पात्र असलेंच, तर तें मध्येंच बळी पडतें, ही तेथील प्रेक्षकांची जुनी तक्रार आहे.

याला एक थोर अपवाद या लाटेच्याही पूर्वींचा आहे. जॉर्ज रोमेरो याच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाचा नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट होता. चालत्या प्रेतांशीं रात्रभर झुंजून नायक एकटाच वांचतो. आणि सकाळीं प्रेतांचा नायनाट करीत आलेले लोक त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. माणूस कोण आणि पिशाच कोण, याचा निवाडा बंदूक धरणाराच्या हातीं असतो, हें एवढ्या थोडक्यांत क्वचितच कोणीं सांगितलें असेल.

हाच प्रश्न आतां डोंबिवलीस लावून पाहावा. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' हा चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजीं प्रदर्शित झाला. मराठींतील पहिला झोंबीपट म्हणून त्याचा बोलबाला झाला. अमेय वाघ यांनीं रंगविलेला अभियंता सुधीर आणि वैदेही परशुरामी यांनीं साकारलेली त्याची गर्भवती पत्नी सीमा हे एका उंच इमारतींत बिऱ्हाड थाटतात. शेजारींच जनतानगर नांवाची गरीब वस्ती आहे. तेथील लोक पाण्यासाठीं तळमळतात, आणि ललित प्रभाकर यांचा विश्वास त्यांच्या बाजूनें भांडतो. संकटाचें मूळही पाण्यांतच, एका नफेखोराच्या उद्योगांत, सांपडतें.

ही कल्पना आकाशांतून पडलेली नाहीं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतील एक रस्ता २०२० सालीं रसायनांनीं गुलाबी झाला होता. २०१६ आणि २०२४ या दोन्ही सालीं मे महिन्यांत तेथील कारखान्यांत झालेल्या स्फोटांनीं माणसांचे बळी घेतले. उंच इमारत आणि तिच्या सावलींत टँकरची वाट पाहणारी वस्ती, हें दृश्यही ठाणें-कल्याणच्या रहिवाशांस अपरिचित नाहीं.

तथापि येथेंच एक पेंच आहे. झोंबीला नांव नसतें, गांव नसतें. अन्याय सोसणारी वस्तीच झोंबींचा जथा होऊन चालून आली, म्हणजे इमारतींतील प्रेक्षक दया विसरून दाराची कडी लावूं लागतो. चित्रपटकर्त्यांनीं सुधीर आणि विश्वास यांस खांद्याला खांदा लावून लढावयास लावलें, हें त्यांच्या जाणिवेचें लक्षण होय. परंतु घर, संसार आणि पोटांतील मूल यांची सविस्तर ओळख होते ती इमारतींतील कुटुंबाची. गर्दींतील बहुतेकांना मात्र केवळ दांत विचकण्याचें काम.

विशाल फुरिया यांच्या २०१७ सालच्या 'लपाछपी'शीं याची तुलना बोधप्रद ठरेल. उंसाच्या दाट रानांत, एका एकाकी घरीं, पूजा सावंत यांनीं रंगविलेली गर्भवती स्त्री भुतांच्या तावडींत सांपडते. पण त्या भुतांना पूर्वचरित्र आहे. त्याच्या मुळाशीं मुलींच्या जन्माचा द्वेष आहे. तें उलगडतांच प्रेक्षकाचें भय भुतांवरून निघून जिवंत माणसांवर स्थिरावतें.

तेव्हां पडद्यावर किती जातींचे, वर्णांचे व थरांचे चेहरे दिसले, एवढ्या मोजदादीनें काम भागत नाहीं. जो मरतो त्याला नांव आहे काय, आणि जो पिशाच झाला तो पूर्वीं कोणाचा कोण होता, हें सांगितलें जातें काय, हीच खरी कसोटी. दाराची कडी लावतांना बाहेर कोण राहिलें, याची आठवण ज्या भयपटानंतर उरते, तो करमणुकीपलीकडचें कांहीं देऊन गेला, असें म्हणावें.