दगडफुलाचा संसार

उन्हाळ्यांत गोडा मसाला करावयाचा झाला म्हणजे मुलुंडच्या काय किंवा घाटकोपरच्या काय, बाजारांतून धने, खोबरें, तमालपत्र यांच्याबरोबर दगडफुलाची एक पुडी हटकून घरीं येते. राखाडी, काळसर, वाळक्या पापुद्र्यासारखा हा पदार्थ तेलावर परतला कीं त्याचा वास घरभर पसरतो. नांव दगडफूल, पण तें फूल नव्हे, आणि पुष्कळदां तें दगडावरचेंही नसतें, झाडाच्या सालीवरून काढलेलें असतें. इतकेंच नव्हे, तर ती एक वनस्पतिही नव्हे. तो दोघांचा संसार आहे.

या संसारांतील एक भागीदार बुरशी आणि दुसरा शेवाळ. दोघांच्या मिळून झालेल्या देहास शास्त्रांत शैवाक म्हणतात. बुरशी घर बांधते, ओलावा धरून ठेवते, क्षार पुरविते आणि उन्हाचा मारा अडविते. शेवाळ सूर्यप्रकाशावर साखर तयार करून घर चालवितें. हें रहस्य सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानें १८६७ सालीं प्रथम मांडलें. त्याच्या मतें बुरशी ही धनीण आणि शेवाळ हा तिचा बंदिवान. त्या काळच्या अनेक पंडितांनीं या मताची थट्टा केली. पण जोडी असते ही गोष्ट पुढें सर्वमान्य झाली. राहिला प्रश्न एवढाच कीं, ही जोडी जुळवितो कोण?

याचें एक मार्मिक उत्तर २०१४ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांतून आलें. एरिक होम आणि अँड्र्यू मरे यांनीं पाव फुगविणारें यीस्ट व क्लॅमिडोमोनस नांवाचें सूक्ष्म हिरवें शेवाळ एका बंद भांड्यांत ठेवलें. या दोघांची पूर्वीची सोयरीक कांहींच नव्हती. भांड्यांत साखर होती. ती खाऊन यीस्ट कर्बवायु सोडी आणि शेवाळास तोच श्वासासारखा लागे. भांड्यांतील नत्र अशा क्षाराच्या रूपांत होता कीं तो यीस्टला पचत नसे. शेवाळ त्याचा अमोनिया करी आणि त्यावर यीस्टचें पोषण होई. एकावांचून दुसऱ्याला जगतां येईना. स्वभावानें परके असलेले हे दोघे केवळ परिस्थितीच्या अटींमुळें एकमेकांचे झाले. तात्पर्य, या संसारांत भागीदार दोन असले तरी लग्न जुळविणारी तिसरी शक्ति म्हणजे भोंवतालची परिस्थिति होय.

आतां हाच न्याय मुंबईच्या उपनगरांस लावून पहावा. अंधेरीस गिल्बर्ट टेकडीचा सुमारें ६० मीटर उंचीचा काळा कातळ उभा आहे. तेथून थोड्याच अंतरावर, बोरीवली आणि मुलुंड यांच्या दरम्यान, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें वन पसरलेलें आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन्हीकडे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु पाऊस थांबला कीं दोन्ही ठिकाणचे संसार वेगळे होतात. उघडा कातळ तासाभरांत वाळतो व वैशाखांत तव्यासारखा तापतो. कान्हेरीच्या ओढ्याकांठचें खोड मात्र सावलींत कितीतरी वेळ ओलसर राहतें.

ओलाव्याचा हा भेद फार महत्त्वाचा आहे. ज्या शैवाकांत हिरवें शेवाळ असतें, त्यांतील कित्येकांना नुसती दमट हवाही पुरते. पहांटेच्या बाष्पावर तीं जागीं होतात व कामाला लागतात. पण ज्यांत नील-हरित शेवाळ असतें, त्यांना प्रत्यक्ष पाण्याचा थेंब लागतो. म्हणून कोणत्या जागीं कोणता भागीदार उपयोगी पडेल, हें तेथील पाणी व ऊन ठरवितात. कोंकणपट्टीसारख्या उष्ण, दमट प्रदेशांत खोडांवर पांढुरक्या डागांत काळ्या रेघोट्या उमटलेल्या दिसतात, जणूं कोणीं अज्ञात लिपींत कांहीं लिहून ठेवलें आहे. ग्राफिस नांवाचें हें शैवाक. त्यांतील शेवाळ ट्रेंटेपोलिया. हेंच शेवाळ कधीं एकटेंही राहतें आणि ओल्या भिंतींवर नारिंगी मखमलीसारखें पसरतें. मसाल्यांतील दगडफुलाचा भागीदार मात्र ट्रेबॉक्सिया. तो मोकळा असा क्वचितच आढळतो.

एकाच बुरशीनें देश पाहून भागीदार बदलल्याचेंही उदाहरण आहे. सेट्रारिया अक्युलिआटा हें शैवाक ध्रुवप्रदेशांपासून भूमध्य समुद्राच्या परिसरापर्यंत आढळतें. त्याच्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, थंड प्रदेशांत त्याच्या घरीं ट्रेबॉक्सियाचा एक वंश नांदतो, तर उबदार प्रदेशांत दुसरा.

परंतु जी परिस्थिति संसार मांडते तीच तो मोडतेही. शैवाकाला मूळ नाहीं आणि पानावर असतें तसें मेणचट कवचही नाहीं. हवेंतून जें येईल तें सर्वांगानें शोषून घ्यावें, एवढेंच त्याला ठाऊक. गंधकाच्या धुरानें प्रथम शेवाळाचें हरितद्रव्य बिघडतें. मिळवता गेला कीं बुरशीचें घरही कोसळतें. विल्यम नायलांडर यानें १८६६ सालीं पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेंतील शैवाकें नोंदवून तीं हवेच्या शुद्धतेचें माप आहेत असें सांगितलें. तीस वर्षांनीं तीं तेथून नाहींशीं झाल्याची नोंदही त्यानेंच केली. पिक्साइन कोकोज यासारखीं थोडीं शैवाकें शहरी हवा सोसतात. बहुतेकांना ती सोसत नाहीं.

महाराष्ट्रांत या विषयाचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला मखीजा आदि संशोधकांनीं केला. अशा अभ्यासाची गरज उपनगरांत अधिकच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें आरे येथें मेट्रोच्या कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें तोडण्यांत आलीं. झाडांची गणती झाली, वाद झाला. पण त्यांच्या सालींवरचे संसार कोणीं मोजले? तोडलेल्या झाडाच्या बदल्यांत रोप लावतां येतें. मात्र जुन्या सालीचा खडबडीतपणा, तिची सावली आणि तिचा ओलावा रोपाबरोबर येत नाहीं. आणि कित्येक शैवाकें तर वर्षाकाठीं जेमतेम मिलिमीटरभर वाढतात.

श्रोत्यांनीं एक सोपा प्रयोग करून पहावा. घराजवळच्या एखाद्या जुन्या आंब्याच्या खोडावर राखाडी डाग दिसल्यास त्यावर दोन थेंब पाणी टाकावें. पुष्कळदां पाहतां पाहतां तो डाग हिरवट होतो. वरचा थर ओला होऊन पारदर्शक झाला कीं आंतलें शेवाळ दिसूं लागतें. मग गजबजलेल्या हमरस्त्यावरील झाड तसेंच तपासावें व दोन्हींची तुलना करावी. केवळ धुरामुळेंच फरक पडतो असें नव्हे. ऊन, कोरडेपणा व सालीचा प्रकार हींही कारणें असतात, हें ध्यानांत ठेवावें. डाग मात्र खरवडूं नये. तेथें दोघांनीं मोठ्या सायासानें घर केलेलें असतें, आणि तें टिकविणारी हवा सर्वांच्या मालकीची आहे.