फुलोऱ्यावरचा ताग
(हीरक महोत्सवाच्या सांगता समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



साठ वर्षांच्या या टप्प्यावर मी आपल्याला शाळेमागच्या एका वाफ्याची हकीकत सांगणार आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे लाल भोपळ्याचे वेल लावले होते. फुले येत, पण कोवळी फळे पिवळी पडून गळत. माळव्याची काळी माती निकस झाली होती आणि मधमाशी दृष्टीस पडत नव्हती. भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असतात; पराग वाहून नेणारे कोणी नसेल, तर फळ धरत नाही.

पुढच्या जूनमध्ये आम्ही ताग पेरला. इकडे त्याला सनई म्हणतात. “बाई, लग्नात वाजते ती?” एका मुलीने विचारले आणि वर्ग हसला. दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणाऱ्या आपल्या मुलांना असे शब्द नेहमीच भेटतात.

मुलांनी रोप उपटून मुळांवरच्या गाठी पाहिल्या. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र रोपाला मिळवून देतात. ऑगस्टमध्ये पिवळी फुले उमलू लागली, काळे भुंगे घुमू लागले, आणि नेमके तेव्हाच मी म्हणाले, “आता हा ताग मातीत गाडायचा.” मुले हिरमुसली. परंतु वेळ हीच असते. दाणे भरू लागले की नत्र त्यांत जातो, खोड चिवट होते आणि लवकर कुजत नाही. अखेर सातवीच्या मुलांनीच तोडगा काढला: अर्धा गाडावा, अर्धा भुंग्यांसाठी राखावा. त्या वर्षी शेजारच्या वेलांना भोपळे धरले. गाडलेल्या भागात दिवाळीनंतर मेथी तरारली.

पालकहो, आज पहिलीच्या वर्गातील निम्मे बाक रिकामे आहेत. “मराठीचा पुढे उपयोग काय?” हा प्रश्न मला दर प्रवेशाच्या वेळी ऐकावा लागतो. वाफ्यातला ताग आम्ही विकण्यासाठी पेरला नव्हता. पुढच्या पिकासाठी पेरला होता. मातृभाषेत विचार करू लागलेले मूल हिंदी आणि इंग्रजी त्याच कसदार मातीवर शिकते. माजी विद्यार्थ्यांनो, आपण स्वतःच याची साक्ष आहात.

राखलेल्या तागाचे बियाणे मुलांनी पुड्यांत बांधून दाराशी ठेवले आहे. एकेक पुडी अवश्य न्यावी. आणि येत्या जूनमध्ये आपल्या घरातले, शेजारचे एक मूल पहिलीच्या वर्गात आणून बसवावे.