झोपेतला श्वास आणि सीपॅप यंत्राचा पहिला महिना

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानात केलेले भाषण)



आजचा विषय घोरण्याशी संबंधित आहे असे म्हटले की सभागृहात हशा पिकतो. ते साहजिक आहे. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला, सुखी माणूस, असा आपला समज आहे. परंतु जो मोठ्याने घोरतो, मध्येच एकदम गप्प होतो आणि काही क्षणांनी गुदमरल्यासारखा धडपडून श्वास घेतो, तो गाढ झोपलेला नसतो. त्याचा श्वास अडलेला असतो. या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. त्यावर सीपॅप नावाचे यंत्र वापरतात. हे यंत्र घरी आणून पंधरा दिवसांत कपाटावर ठेवून देणारे पुष्कळ आहेत. म्हणून ते सुरू कसे करावे आणि टिकवावे कसे, हेच आज आम्ही सांगणार आहोत.

आधी विकार समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ व टाळू मागे सरकून श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू कमी होतो, आणि मेंदू माणसाला अर्धवट जागा करतो. वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा अडथळा. तासाला असे पाचपेक्षा अधिक अडथळे आले तर विकार आहे असे धरतात. तीसच्या पुढे गेले तर तो तीव्र समजतात. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण त्याला झोप मिळत नाही. सकाळी डोके जड, तोंड कोरडे, रात्री लघवीला वारंवार उठणे, दिवसा पेंग, रक्तदाब औषधाने आटोक्यात न येणे, ही त्याची लक्षणे आहेत. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, घोरण्यापेक्षा थकवा व अपुरी झोप याच तक्रारी पुढे येतात. त्यामुळे त्यांचा विकार बरेचदा ओळखलाच जात नाही.

हा श्रीमंतांचा किंवा परदेशातला आजार आहे, असे कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची त्यांनी पाहणी केली. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण शंभरात सुमारे साडेएकोणीस, आणि त्याबरोबर दिवसा पेंग येणाऱ्यांचे प्रमाण साडेसात, असा त्यांचा अंदाज निघाला. आपल्या कोल्हापुरात पुणे-बंगळूर महामार्गावर रात्रीचा ट्रक चालवणारे आहेत, एसटीचे चालक आहेत, इचलकरंजीच्या मागांवर रात्रपाळी करणारे आहेत. चालकाला स्टेअरिंगवर लागलेली एक डुलकी किती घरे उजाड करते, हे सांगायला नको.

आता यंत्राविषयी. कोल्हापुरात सीपीआर म्हटले की दसरा चौकाजवळचे सरकारी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. सीपॅप हे वेगळे, लहान डब्याएवढे यंत्र आहे. ते खोलीतली साधी हवा थोड्या दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडते. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली हा उपाय प्रथम करून पाहिला आणि १९८१ साली तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र रुग्णासाठी गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता.

हा ऑक्सिजन नव्हे आणि व्हेंटिलेटरही नव्हे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या वर्षांत आपण अनेकांना मास्क लावलेले पाहिले, आणि त्यांतील काही परत आले नाहीत. त्यामुळे घरात मास्क दिसला की शेजारीपाजारी घाबरतात आणि रुग्ण लाजतो. सीपॅप लावणारा माणूस मरणाच्या दारात नसतो. चष्मा लावणाऱ्यासारखाच तो एक साधन वापरतो. चष्मा काढला की अक्षरे पुन्हा पुसट होतात, तसे यंत्र काढले की श्वास पुन्हा अडतो. म्हणून ते रोज लावावे लागते, दुपारच्या झोपेतसुद्धा.

सुरुवात तपासणीने करावी. झोपेची ही तपासणी रुग्णालयात किंवा लहान उपकरण लावून घरी होते. तिच्या आधारे डॉक्टर हवेचा दाब ठरवतात. तो बहुधा पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर या मापात असतो. दुसऱ्याचे यंत्र आणून त्याच्याच दाबावर झोपू नये. जुने यंत्र घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. २०२१ साली फिलिप्स कंपनीला आतला फोम झिजण्याच्या कारणावरून लाखो यंत्रे परत बोलवावी लागली होती. शक्य असल्यास आधी महिनाभर भाड्याने घेऊन पाहावे.

निम्मे यश मास्कवर अवलंबून असते. मास्क तीन प्रकारचे असतात : नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. दुकानात बसून मास्क लावून पाहू नये. आडवे होऊन, हवा चालू ठेवून पाहावा. पट्टे करकचून आवळले तर नाकावर जखम होते आणि हवा तरीही गळते. आमच्या परिचयाचे एक निवृत्त कामगार आहेत. भरघोस मिशांमुळे त्यांच्या मास्कमधून हवा गळे, ती डोळ्यांत जाई, आणि तिसऱ्या रात्री त्यांनी यंत्र बंद केले. मिशा काढायला ते तयार नव्हते. नाकपुड्यांचा मास्क मिळाला आणि प्रश्न सुटला. म्हणजे दोष त्यांच्या चिकाटीत नव्हता, मास्कच्या निवडीत होता.

पहिल्याच रात्री सहा तास झोपण्याचा हट्ट धरू नये. आधी दिवसा, जागेपणी, टीव्ही पाहताना पंधरा-वीस मिनिटे मास्क लावून बसावे. मग दुपारी आडवे होऊन, आणि मग रात्री. दाब हळूहळू वाढवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती सुरू करून घ्यावी. नाक कोरडे पडत असेल तर ओलावा देणारी टाकी वापरावी व तीत डिस्टिल्ड पाणी भरावे. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. अशा वेळी नळीवर कापडी आवरण घालावे आणि यंत्र अंथरुणापेक्षा खाली ठेवावे. मास्क रोज सौम्य साबणाने धुवावा, टाकीतले पाणी रोज बदलावे, नळी व टाकी आठवड्याला धुवावी, आणि गाळणीवरील धूळ पाहत जावी.

एक सूचना फार महत्त्वाची आहे. मास्कवर लहान छिद्रे असतात व त्यांतून सतत हवा येते. ती गळती नव्हे. उच्छ्वास बाहेर जाण्याची ती वाट आहे. आवाज होतो म्हणून ती चिकटपट्टीने किंवा कापडाने कधीही बंद करू नये. वीज गेली तर मास्क काढावा. इन्व्हर्टर असल्यास यंत्र त्यावर चालेल की नाही, हे आधी विचारून घ्यावे. पोटात हवा भरणे, नाक चोंदणे, अंगावर पुरळ येणे असे काही झाले तर यंत्र बंद न करता डॉक्टरांना सांगावे. बहुतेक तक्रारींवर उपाय आहे. वजन कमी करणे, दारू सोडणे आणि कुशीवर झोपणे यांनीही फायदा होतो. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दिवसाची पेंग जाईपर्यंत वाहन चालवू नये.

भगिनींनो, हा विकार सर्वांत आधी तुम्हाला कळतो, कारण रात्री जागे तुम्ही असता. तुम्ही पाहिलेले डॉक्टरांना सांगा. विद्यार्थी मित्रहो, वडील वर्तमानपत्र वाचता वाचता झोपतात म्हणून त्यांना हसू नका. त्यांच्या उशाशी एक रात्र दहा मिनिटे बसून ऐका. तुमच्या लहान भावंडाला घोरण्याची सवय असेल आणि ते वर्गात पेंगत असेल, तर त्यालाही दाखवा. मुलांमध्ये पुष्कळदा वाढलेले टॉन्सिल्स हे कारण असते आणि उपचारही वेगळा असतो.

शेवटी सभासदांना एक विनंती. ज्यांनी हे यंत्र वर्ष-सहा महिने वापरले आहे, त्यांनी लाज सोडून तसे सांगावे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याच्या घरी पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन यावे. डॉक्टर दाब ठरवून देतात. पण चौथ्या रात्री मास्क फेकून द्यावासा वाटतो, तेव्हा धीर द्यायला अनुभवी माणूसच लागतो. हे काम पैशाशिवाय होण्यासारखे आहे, आणि आपल्यासारख्या संस्थेनेच ते करावे असे आम्हाला वाटते.