मेंदूचा आलेख काढताना

फेफऱ्याच्या रोग्याला डॉक्टरांनी ‘ई. ई. जी. काढून आणा’ म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो : डोक्याला वीज लावणार का हो?

नाही. मेंदूत मुळातच अतिसूक्ष्म वीज खेळत असते. ती टाळूवर चिकटवलेल्या लहान चकत्यांवाटे यंत्र नुसती टिपून घेतं. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा असा आलेख पहिल्यांदा काढला.

आम्हां श्रीवर्धनकरांना डोक्याला खोबरेल हवंच. पण आदल्या दिवशी केस धुतल्यावर तेलाचं बोटही लावू नये. चकत्या नीट बसत नाहीत. जेवून जावं. रात्री जागवायला सांगितलं असेल, तर मुंबईच्या एस.टी.त पोराला डुलकी लागू देऊ नका. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

अर्धा-पाऊण तास स्वस्थ पडायचं. मधे जोरानं श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढं दिवा लुकलुकवतात.

आणि आलेख निर्दोष आला म्हणजे फेफरं नाही, असं समजू नका! तेवढा वेळ मेंदू शांत असेल, तर आलेखही शांतच उतरणार. पहाटेचा शांत समुद्र पाहून आपला कोळी ऐन पावसाळ्यात होडी लोटत नाही. ‘नॉर्मल’ शब्दावर गोळ्या थांबवल्या आणि मुलाला विहिरीच्या काठावर झटका आला तर?

झटका वर्गात आला, तर मास्तरांनी घड्याळ पाहून लिहून ठेवावं : मान कुठं वळली, किती मिनिटं चाललं, शुद्ध केव्हा आली. तो कागद आलेखाबरोबर डॉक्टरांना द्यावा; ते आधी तोच वाचतील.