सुवार्ता कुणाच्या नावावर आली?

(ख्रिस्ती तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



तुम्ही मला बोलावलंत आणि विषय दिलात : सुवार्ता सांगण्याची मंडळीची जबाबदारी. मी तुमच्या मंडळीतला नाही. मी बौद्ध. मॅट्रिक झालो, गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. पाळकासारखं प्रवचन माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण गोदीतला माणूस आधी एकच गोष्ट बघतो : माल कुणाच्या नावावर आलाय? ज्याच्या नावावर आला त्याला तो मिळालाच पाहिजे. गोदामात पडून राहिला तर डॅमरेज चढतं, आणि ते कुणाला तरी भरावंच लागतं.

सुवार्तेवर नाव कुणाचं आहे ते तुमच्याच ग्रंथात आहे. लूकचा चौथा अध्याय काढा. येशू आपल्या गावी, नासरेथला, सभास्थानात उभा राहतो. यशयाची गुंडाळी उघडतो आणि सांगतो की ही बातमी गरिबांची आहे, कैद्यांची आहे, चिरडलेल्यांची आहे. गाव खूश. योसेफाचं पोर काय बोलतंय! मग तो परक्यांची नावं घेतो. सारफथची विधवा, सूरियाचा नामान. म्हणजे देव काही तुमच्या एकट्याच्या आळीचा नाही. झालं. तेच गाव त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेतं. सुवार्ता खरी सांगितली की पहिला संताप आपल्याच माणसांना येतो, ही तिची खूण. जिच्यानं कुणाचीच खुर्ची हलत नाही ती सुवार्ता नव्हे, भिंतीवरचं कॅलेंडर आहे.

आपल्याकडं काय झालं ते बघा. मी केलेलं विसरणारा नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला उतरली, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाण मांडलं. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि मिशनच्या ‘ज्ञानोदय’नं तो छापला. गावकुसाबाहेरच्या पोरीचा शब्द छापायला तेव्हा कोण बसलं होतं? बाप्तिस्म्याचा एक थेंब न शिंपडता सांगितलेली सुवार्ता ती ही.

आता दुसरी बाजू. १६०६ साली डी नोबिली मदुरेला आला. ब्राह्मणापर्यंत पोचायचं म्हणून ब्राह्मणासारखा राहिला. १६२३ साली पोप पंधरावा ग्रेगरी यानं ख्रिस्ती होणाऱ्यांना जानवं, शेंडी, गंध ठेवायची मुभा दिली. त्याच पत्रात खालच्यांना तुच्छ लेखू नका असा उपदेशही होता. उपदेश कागदावर राहिला, जानवं गळ्यात राहिलं. जात अशी वरच्या माणसाच्या अंगावरून देवळातून चर्चमध्ये आली. ती एवढी मुरली की तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला ख्रिस्ती कब्रस्तानात भिंत घातली गेली. एका बाजूला सवर्णांची मढी, दुसऱ्या बाजूला दलितांची. पुनरुत्थानाच्या दिवशी ही माणसं भिंतीवरून उड्या मारून येणार काय?

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं. १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ते छापून आलं. मिशनांची कॉलेजं, दवाखाने यांचा फायदा बहुतेक वरच्या जाती उठवतात आणि धर्मांतर केलेला अस्पृश्य आपल्या गाऱ्हाण्यासाठी लढत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांनी बुद्धाचा रस्ता धरला, पण ही तक्रार तुमच्या दारावर अजून टांगलेली आहे.

डॅमरेज कोण भरतंय ते सांगतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आत आले. आम्ही बौद्ध १९९० साली, धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. दलित ख्रिस्ती बाहेरच. मद्रासमध्ये रस्त्यावर बसून चपला शिवणारा सुसाई. सरकारनं चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला नाही. का? तर ख्रिस्ती. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावर जात उरते एवढं दाखवून भागत नाही. ख्रिस्ती समाजातही तेवढाच जाच होतो याचा पुरावा आणा.

इथं थांबा. हा पुरावा कुणापाशी होता? मंडळीपाशी होता. कोण कुठल्या बाकावर बसतो, कोण कुठं पुरला जातो, कोण पाळक होतो आणि कोण झाडूवाला, हे मंडळीला पाठ होतं. पण ते सांगायचं तर आमच्यात जात आहे असं जगासमोर म्हणावं लागतं. कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांसाठीचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे मान्य केलं. सुसाईच्या निकालानंतर एकतीस वर्षांनी!

तुम्ही म्हणाल, दिवस वाईट आहेत, सुवार्ता सांगायची कशी? खरं आहे. घटनेचं पंचविसावं कलम धर्मप्रसाराचा हक्क देतं, पण १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. कायद्याची भीती, वर झुंडींची भीती. तुमच्यावर हात उठला तर आम्ही आडवे येऊ. पण भावांनो, स्वतःच्या कब्रस्तानातली भिंत पाडायला कुठला कायदा आडवा येतो? मिशनच्या भारी शाळेत मंडळीतल्याच झाडूवाल्याच्या पोराला पहिल्या बाकावर बसवायला कुणाची परवानगी लागते?

तेव्हा मोजायचं असेल तर बाप्तिस्मे मोजू नका, पडलेल्या भिंती मोजा. तुमच्या मंडळीत जातीचा जाच कुठं कसा होतो ते गावागावातून लिहून काढा, सह्यांनिशी. वरचे चिडतील. चिडू द्या, नासरेथवालेही चिडले होते. तो कागद घेऊन १९५० च्या आदेशाविरुद्ध रस्त्यावर या. आम्ही बौद्ध त्या मोर्चात असू. सुवार्ता कानाला नंतर कळते, पोटाला आणि पाठीला आधी कळते.

जय भीम.